आठ अक्षरांत न मावलेली अक्का

माझं नाव मीनाक्षी. पण आमच्या बोळात गेली कित्येक वर्षं मला लहानथोर 'मीनाक्ष' म्हणतात, आणि याला जबाबदार एकच बाई, शरणाक्का बिराजदार. झालं असं, की तिच्या जुन्या कॉम्प्युटरला फाइलचं नाव आठ इंग्रजी अक्षरांच्या वर चालायचं नाही. मी शेजारच्या छापखान्यात प्रुफं तपासायची, अक्का त्याच छापखान्यासाठी घरी बसून टाइप करायची, आणि माझ्याकडे यायच्या कामाच्या फाइलला माझं नाव द्यायची. मीनाक्षी लिहायला लागतात नऊ अक्षरं. तिनं शेवटचा आय कापला आणि मी मीनाक्ष झाले, ती आजतागायत. बरं, कापायचंच होतं तर दोन ईमधला एक कापायचा की! हे मी तिला सुचवलं तर म्हणाली, "मधलं कापलं की वाचणाऱ्याला कळत न्हाय काय गेलं ते. शेवटचं कापलं तर माणूस वळखू येतो."

तिनं सगळ्या गल्लीची नावं अशी कापून ठेवली होती. स्वतःचं मात्र कधी फाइलला दिलं नाही. शरणाक्कालाही आठांहून जास्तच लागतात. दुसऱ्यांवर कात्री बरी चालते तुझी, असं मी चिडवलं की एवढंच म्हणायची, "माजं मावत न्हाय."

अक्काच्या पुढच्या खोलीत तीन कॉम्प्युटर होते. तिन्ही बायकाच. थोरली, मधली आणि धाकटी. थोरलीच्या काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं यायची, आणि तिच्या पोटात काही साठवायची सोयच नव्हती. फ्लॉपी घालाल तेवढंच तिला आठवणार. मधली मराठी लिहायची आणि शेजारच्या सुयांच्या प्रिंटरवर करकर करत छापायची. धाकटीला रंगीत पडदा, माऊस, गाणी वाजवायची सोय, सगळा थाट. तिला अक्का 'कालची पोर' म्हणायची. ही कालची पोर आता पंचवीस वर्षांची झाली आहे! आणि ऐका, तिघीही आजच्या तारखेला चालू आहेत. अक्का गेल्यावर त्या माझ्याकडे आल्या, आणि आज सकाळीच मी थोरलीला उठवलं. बटण दाबलं, टुक् झालं, पंखा घुमला, आणि काळ्या पडद्यावर तो हिरवा चौकोनी ठिपका लुकलुकायला लागला. काय सांगू तुम्हाला, या वयात माझ्या अंगावर काटा येतो. माझ्या नातीचा मोबाईल दोन वर्षांत मरतो, आणि ती मला विचारते, आजी, हे डबडं टाकत का नाहीस.

'उठवणं' हा अक्काचाच शब्द. मशीन 'चालू कर' म्हटलेलं तिला आवडायचं नाही. चालू पंखा करतात, दिवा करतात. उठवायच्या आधी ती वरची चादर काढायची. आमच्या सोलापुरात चादरींना काय तोटा, प्रत्येकीची चादर वेगळी होती, थोरलीची मोराची. मग ती मशीनच्या पाठीमागे नाक लावून वास घ्यायची. नुसता धुळीचा वास आला तर ठीक, जळका आला तर त्या दिवशी हात लावायचा नाही. मग बटण, आणि मग डोळे मिटून ऐकणं. आवाजात काही खटकलं की मान हलवायची, आणि ती मान हलली की हमखास कुठलीतरी तार ढिली निघायची. हे सगळं तिला कुणी शिकवलं? कुणीच नाही. कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग, अंगावर इरकल आणि कमरेला चंची, अशी ही बाई स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मशीनमध्ये डोकं घालून बसली की नवा माणूस दारातच थबकायचा.

त्या चंचीत सुपारी नव्हती, कुलूप होतं. म्हणजे अक्का त्याला कुलूप म्हणायची. त्या काळी मराठी लिहायचं सॉफ्टवेअर चालायला मशीनच्या पाठीमागे एक बोटभर डबी खोचावी लागे. ती डबी नसली की एक अक्षर उमटायचं नाही. ती बनवणारे कधीच बंद पडले, तेव्हा हरवली तर दुसरी मिळायची नाही. म्हणून रात्री झोपतानाही चंची कमरेलाच. दागिने कपाटात आणि डबी कमरेला, यावरून मी तिला पुष्कळ छळलं आहे. फ्लॉप्या ती कडक भाकरीच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची, ओल लागू नये म्हणून तांदळाची पुरचुंडी घालून. एकदा मी भाकरी समजून डबा उघडला होता.

पण खरी गंमत पाळीची. मशीन नुसती ठेवली तर आतून मरते, असं अक्काचं म्हणणं. शेताला पाण्याची पाळी असते तशी प्रत्येकीला अर्धा-पाऊण तास पाळी मिळाली पाहिजे. तारखा तिच्या लक्षात राहायच्या नाहीत. मग तिनं काय करावं? आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि गल्लीत माणूस स्वतःचा वाढदिवस विसरेल, पाण्याचा दिवस विसरणार नाही. तो पाळीचा दिवस ठरला. आधी नळाचं पाणी भरायचं, सगळ्यांच्या मोटारी बंद झाल्या की मशीन उठवायच्या. मोटारी चालू असताना कधीच नाही, कारण व्होल्टेज पडतं.

त्या व्होल्टेजसाठी तिच्याकडे एक काट्याचा स्टॅबिलायझर होता. त्या काट्यावरून तिला गल्लीची सगळी खबर. काटा एवढा पडला म्हणजे समोरच्यांची मोटार, तेवढा पडला म्हणजे कोपऱ्यावरच्या दवाखान्याची. आमची नरसम्मा, चादरीच्या कारखानदाराची तेलुगू बायको, भांडणात कुणाला न हरणारी, तिनं गुपचूप मोठी मोटार बसवली आणि गल्लीत कानावर हात ठेवले. अक्का तिच्या दारात जाऊन शांतपणे म्हणाली, नरसम्मा, तुजी नवी मोटार माज्या काट्यात दिसायली. त्या दिवसापासून नरसम्मा अक्काला जरा वचकून असायची. मी मात्र त्या काट्यासमोर बसून गल्लीचं भविष्य वाचायला बघायचे आणि दर वेळी चुकायचे.

भंगारवाला महबूब पहिल्यांदा आला तेव्हा मी तिथंच होते. त्यानं दारातून तिन्ही मशीन पाहिल्या आणि गाडा आडवाच लावला. खाला, ये डब्बे देके जागा मोकळी करो, असं त्याचं सुरू झालं. अक्का हो म्हणाली ना नाही. त्याला आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं, त्याच्या बोटानं त्याचंच नाव एकेक कळ दाबून लिहायला लावलं आणि प्रिंटरवर हातभर मोठ्या अक्षरांत छापून दिलं. महबूब तो कागद बघतच राहिला. त्यानं तो प्लास्टिकमध्ये घालून गाड्याच्या पुढं लावला. त्यानंतर शहरात कुठंही जुनी मशीन भंगारात निघाली की तिची वायर, कीबोर्ड, फ्लॉपीचा खण, आधी अक्काच्या दारात. भंगार न्यायला आलेला माणूस भंगार आणून द्यायला लागला, हे फक्त अक्कालाच जमावं.

मोठ्या कॉलेजची मंडळीही एकदा आली होती. काचेच्या कपाटात थोरली ठेवतो, खाली तुमचं नाव लिहितो, म्हणाली. अक्कानं एकच विचारलं, उठवणार का तिला? नाही म्हणाले, नुसती बघायला. मग फोटो घेऊन जावा, म्हणून अक्कानं त्यांना शेंगाचटणीची पुडी देऊन वाटेला लावलं. मला तेव्हा वाटलं, बाई हट्टी आहे. हट्टी होतीच म्हणा, पण आता मी सांगणार आहे ते घडलं आणि तिच्या हट्टापुढं मी कान पकडले.

गोष्ट जुनी आहे. मंगळवेढ्याकडचे ढोबळे गुरुजी आमच्या छापखान्यात आले होते, बगलेत वह्यांचा गठ्ठा. आयुष्यभर शाळा केली आणि शेतात, खळ्यावर, बांधावर माणसांच्या तोंडून ज्वारीचे शब्द गोळा केले. नुसत्या ज्वारीचे! पेरण्यापासून भाकरीपर्यंत. आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांनी तिथल्याच बोलीत लिहिलेला. 'चघाळ: जनावरं खाऊन टाकत्यात त्ये.' असं. अक्कानं ते सगळं मधलीवर टाइप केलं आणि छापून माझ्याकडे प्रुफाला धाडलं.

मी तेव्हा नोकरीला नवीन होते आणि हातात लाल पेन. शुद्धलेखनाची अशी काही मस्ती चढलेली, की दुकानाची पाटी अशुद्ध दिसली तरी आत जाऊन सांगायचे. मी गुरुजींचं पान न् पान लाल केलं. खाऊन टाकत्यात त्ये? काट. 'जनावरे खाऊन उरलेला चारा.' हायचं आहे केलं, न्हायचं नाही केलं. आणि एका ठिकाणी होतं, 'ज्वारी पोटरीला आली.' मी सोलापूरची, गिरणी कामगाराची मुलगी. ज्वारी पाहिली ती रेशनच्या दुकानात आणि पिठाच्या गिरणीत. मला पोटरी ठाऊक ती पायाची. ज्वारीला कुठली पोटरी? म्हटलं, अक्काची टाइपाची चूक दिसते. कानडी घरातली बाई, व्हायचंच. आणि मी ऐटीत दुरुस्ती केली, 'ज्वारी पोत्यात आली.'

तुम्ही शेतकरी असाल तर हसून घ्या. ताटाच्या पोटात कणीस धरतं, पण अजून बाहेर डोकावलेलं नसतं, तेव्हा ज्वारी पोटरीला आली म्हणतात. मला हे कळलं ते गुरुजींच्या तोंडून, आणि ज्या आवाजात कळलं तो आवाज अजून कानात आहे. दुरुस्त केलेलं पुस्तक बघायला ते अक्काच्या खोलीत आले होते, सोबत दहा-बारा वर्षांची मुलगी होती. त्यांनी चार पानं उलटली, आणि कागद खाली ठेवले.

"माजं उभं पीक तुमी पोत्यात घातलं," ते अक्काला म्हणाले. "कानडी बाईच्या हाती मराठी दिली, चूक माजीच हाय."

वह्या उचलल्या, मुलीचा हात धरला आणि गेले. पुस्तक राहिलं ते राहिलंच.

मी तिथंच उभी होते. प्रिंटरच्या पलीकडं, लाल पेन हातात घेऊन. अक्कानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही आणि माझं नावही घेतलं नाही. मी तरी बोलायचं ना? नाही बोलले. नोकरीची भीती, लाज, काय म्हणाल ते. नंतर मी रडत माफी मागायला गेले तर ती म्हणाली, "इरली बिडु." कानडीत 'असू दे'. एवढंच. त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही, आणि तिच्या 'असू दे'खाली मी माझी चूक दडवून ठेवली, वीस-पंचवीस वर्षं. हे आज लिहितानाही मला स्वतःचा राग येतो.

मग अलीकडे एका मे महिन्यात, ऊन मी म्हणत असताना, एक बाई अक्काच्या दारात उभी राहिली. मी शेंगा फोडत बसले होते. तिची नजर आधी मशीनवरच्या चादरींवर गेली आणि तिचा चेहराच बदलला. लहानपणी आले होते मी इथं वडलांबरोबर, म्हणाली. मोराची चादर लक्षात आहे. ती सुलभा, ढोबळे गुरुजींची मुलगी. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

गुरुजींना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. चार महिने झाले, तोंडातून एकच शब्द येतो, व्हय. चहा देऊ का, व्हय. दुखतंय का, व्हय. दुखत नाही ना, तरी व्हय. ज्या माणसानं जन्मभर शब्द गोळा केले, त्याच्याकडे एकच शब्द उरला होता. डॉक्टर म्हणाले होते, त्यांच्या जिव्हाळ्याचे शब्द कानावर पडू देत, कदाचित काही परतेल, पण वेळ घालवू नका. सुलभानं वह्या शोधल्या तर पेटीत वाळवीची माती. एक पान धड नाही. सुलभानं विचारलं, तुमच्याकडं काही उरलं असेल का हो?

अक्का उठली, भाकरीचा डबा उघडला आणि दुसऱ्या मिनिटाला फ्लॉपी काढून हातात धरली. इतकी वर्षं! वर तिच्या अक्षरात चिठ्ठी होती, ढोबळे. तिनं पत्र्याची झडप बाजूला सरकवून उजेडात धरली आणि तिचा चेहरा उतरला. आतल्या तबकडीवर बुरशीचे ठिपके होते. ही एकदा वाचता येईल, ती सुलभाला म्हणाली, दुसऱ्यांदा येईल असं मी सांगत न्हाय. वाचता वाचता मधेच मशीन बंद पडली तर सगळं गेलं.

त्या दिवशी पाण्याचा दिवस नव्हता, तेवढीच जमेची बाजू. अक्कानं मधलीची चादर काढली, वास घेतला, चंचीतून कुलूप काढून मागं खोचलं, फ्लॉपी आत सरकवली. मशीननं वाचायला सुरुवात केली. खर्र, थांब. खर्र, थांब. दर खर्रला एक भाग मशीनच्या पोटात उतरत होता. आणि निम्मं झालं असेल-नसेल, तोच काटा पडला! एकदा, दोनदा, मग सटासट. उद्याचं पाणी आजच सोडलं होतं, न सांगता सवरता, आणि गल्लीभर मोटारी सुरू झाल्या होत्या. दिवा पिवळा पडला. स्टॅबिलायझर टकटक करायला लागला. वीज पडली की मशीनला धरून ठेवणारी बॅटरी म्हणाल तर ती उन्हानं आधीच मेलेली.

अक्कानं कीबोर्डवरची नजर हलवली नाही. "मीनाक्ष," म्हणाली, "मोटारी."

मी चप्पलसुद्धा घातली नाही. मे महिन्यात, पाच दिवसांनी आलेल्या पाण्यासमोर उभं राहून लोकांना सांगायचं, की मोटार बंद करा! जीव घेतील की नाही? पण मी धावले. पहिलंच दार नरसम्माचं. ती पाइप हातात धरून उभी, कमरेला पदर खोचलेला. मी धापा टाकत म्हटलं, अक्काची मशीन वाचते आहे, दहा मिनिटं बंद कर गं, एका माणसाची वाचा आहे त्यात. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या अनवाणी पायांकडं बघितलं, आणि काही न विचारता बटण दाबलं. मग बोळात येऊन तेलुगूत अशी काही ललकारी दिली की मला कोपऱ्यापर्यंत जावंच लागलं नाही. एकेक मोटार थांबत गेली. समोरच्यांची, दवाखान्याची, पार टोकाची. गल्लीत शांतता पसरली आणि फक्त नळांच्या बारीक धारा ऐकू येत राहिल्या. बायका-माणसं बादल्या घेऊन दारात उभी राहिली. मी आजवर या गल्लीशी पुष्कळ भांडले आहे, पण त्या दहा मिनिटांसाठी मी तिच्या पाया पडायला तयार आहे.

आत आले तेव्हा शेवटची खर्र झाली आणि मशीन गप्प बसली. अक्का म्हणाली, सांग त्यांना, घ्या म्हणावं पाणी.

मग तिनं यादी उघडली. मला माहीत होतं आत काय आहे. माझी घाण. शुद्ध करून मारून टाकलेलं पुस्तक. तेच या मुलीच्या हातात पडणार होतं. पण पडद्यावर दोन नावं होती. पहिलं शुद्ध, सात अक्षरी. आणि त्याच्याखाली दुसरं. ए, एस, एच, यू, डी, डी, एच, ए. अशुद्ध. मोजून आठ.

माझ्या लाल रेघा टाइप करण्याआधी अक्कानं गुरुजींचं मूळ जसंच्या तसं वेगळं ठेवलं होतं. एक अक्षर न पुसता. तिनं ते उघडलं, आणि तिथं ते सगळं होतं. निसवणं, पाचुंदा, बुचाड, चघाळ: जनावरं खाऊन टाकत्यात त्ये. सुलभा पडद्याला हात लावून रडायला लागली. मी म्हटलं, अक्का, हे तुझ्याकडं होतं तर त्या दिवशी गुरुजींना दाखवलं का नाहीस? तिनं फ्लॉपी काढून डब्यात ठेवली. मग म्हणाली, "कानडी बाई म्हणाले की. मलापण राग येतो, मीनाक्ष."

तेव्हा मात्र मी गप्प बसले नाही. सुलभाला सांगून टाकलं की तुझ्या वडलांचं पीक पोत्यात घातलं ते मी, या बाईनं नाही. ती म्हणाली, हे तुम्ही वडलांनाच सांगा.

प्रिंटरची फीत वाळून गेली होती. अक्कानं तीवर रबरी शिक्क्याची शाई चोळली आणि संध्याकाळपर्यंत प्रिंटर करकरत राहिला. पाण्याच्या पुढच्या खेपेनंतर, मशीनची पाळी उरकून, आम्ही दोघी एसटीनं मंगळवेढ्याला गेलो. अक्काच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा, आणि कमरेला चंची होतीच. तिथं मराठी कुलूप कशाला लागतं, म्हणून मी विचारलं नाही, कारण उत्तर मिळालं नसतं.

गुरुजी ओसरीवर बाजेवर होते. एवढा दांडगा माणूस, चादरीखाली कुठं आहे ते शोधावं लागत होतं. मी आधी बोलून घेतलं. गुरुजी, ती चूक माझी होती. लाल पेन माझं होतं. अक्कानं माझ्यासाठी ऐकून घेतलं. ते माझ्याकडं बघत होते, किती पोचलं देव जाणे. म्हणाले, व्हय. मला हुंदका आला, पण त्या व्हयला काही अर्थ नाही हे मलाही कळत होतं.

अक्का बाजेशेजारी बसली आणि अशुद्ध वाचायला लागली. एकेक शब्द, सावकाश, तिच्या कानडी हेलात. गुरुजी ऐकत होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं. मधेच व्हय. पुन्हा व्हय. अर्धा तास झाला, तास झाला. सुलभा उठून आत गेली, मला वाटतं डोळे पुसायला. मी म्हटलं, अक्का, पुरे आता, थकले ते.

अक्कानं गठ्ठा खाली ठेवला आणि पिशवीतून दुसरा काढला. मी वाकून बघितलं. शुद्ध! तिनं माझं शुद्धसुद्धा छापून आणलं होतं. मी तिचा हात धरायला गेले, तर तिनं माझा हात बाजूला केला, चष्मा नीट केला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "ज्वारी पोत्यात आली."

गुरुजींची मान हलली.

"ज्वारी पोत्यात आली," अक्का पुन्हा म्हणाली, अजून मोठ्यानं.

"न्हाय," गुरुजी म्हणाले.

सुलभा आतून धावत आली. गुरुजींचा डावा हात बाजेवर आपटत होता, ओठ वेडेवाकडे होत होते, कपाळाची शीर फुगली होती. "न्हाय. पोट... पोट..." अक्कानं मदत केली नाही, शब्द पुरवला नाही, नुसती कागद धरून बसली. आणि तो शब्द आला. "पोटरीला," गुरुजी म्हणाले. "पोटरीला आली."

त्यानंतर जे झालं ते मी लिहू शकत नाही, कारण मी तोंडाला पदर लावून अंगणात उभी होते.

अक्का त्यानंतर दोन वर्षं होती. पुष्कळ पाळ्या झाल्या, पुष्कळ भांडणं झाली. तिची चंची आता माझ्या कमरेला आहे. पण डोळे मिटले की मला ती गुरुजींच्या ओसरीवरचीच दिसते. त्या दिवशी मला सोलापूरची गाडी गाठायची होती, अक्का मात्र तिथंच राहणार होती. मी पायात चप्पल सरकवून अंगणातून वळून बघितलं. इरकलीचा पदर खोचून ती बाजेच्या कडेला मांडी घालून बसलेली, विभूती घामानं पुसलेली, आणि माझं शुद्ध पान नाकाशी धरून मुद्दाम चुकीचं वाचत होती. जनावरे खाऊन उरलेला चारा. आणि गुरुजी अडखळत, चिडत, तिला सुधारत होते. च, चघाळ. दर शब्दाला ती अशी हसत होती की सगळं अंग हलत होतं. इतकं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

तिचं लक्ष माझ्याकडं गेलं. कागद हलवून दाखवत म्हणाली, "मीनाक्ष, तुज्या चुका लई कामाला आल्या की."

"व्हय," गुरुजी म्हणाले. आणि हा व्हय मात्र खरा होता.